तिनाच्या मोलात चार घरं

फार मागे, राजे माळरानांवर नव्या पेठा वसवायचे त्या काळी, एका गावात तेलाचा घाणा चालवणारा गृहस्थ राहत होता. धंदा बरा चालला होता, पण वीस वर्षं बैलांमागे फिरून तो कंटाळला होता. आता बसल्या जागी पैसा यावा, एवढीच त्याची इच्छा.

गावापासून दोन कोसांवर अशीच एक पेठ उठत होती. घरं बांधणारा मक्तेदार त्याला म्हणाला, "शेट, एक घ्याल तर पुरा भाव. एकदम चार घ्या आणि तिनाचेच पैसे द्या. पेठ भरली की दुपटीनं विका."

घाणेवाला हरखला. बायको म्हणाली, "अहो, एकदा आत शिरून तरी बघा. चूल कुठं, पाणी कुठलं, काही विचारलंत का?"

"आपल्याला थोडंच राहायचंय तिथं?"

मक्तेदार पक्का होता. राहायला येणारा दहा प्रश्न विचारतो आणि विकायला घेणारा फक्त सवलत विचारतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो राहणाऱ्यांच्या वाटेलाच जात नसे.

घाणा गेला, बैल गेले, चार घरं आली. गिऱ्हाइकंही आली. पहिली आली एक कुंभारीण. तिने भिंतीवरून हात फिरवला, अंगण पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठून भरायचं?"

माळावर विहीरच नव्हती. कुंभारीण गेली, विणकर गेला, सोनार तर उंबऱ्यावरूनच परतला. दोन वर्षं घरं कुलपात राहिली आणि चौकटींना वाळवी लागली. पोटापाण्यासाठी गावातलं राहतं घरही विकून भाड्याच्या खोलीत जावं लागलं, तेव्हा घाणेवाला मनातून घाबरला.

अखेर दोन घरं विहीर खणणाऱ्यांना देऊन त्याने माळावर खणती लावली. तिसरं घर खालचा कातळ फोडण्यात गेलं. पाणी लागलं, आणि चांगलं गोड लागलं. बघता बघता पेठ गजबजली. मक्तेदाराने आपली उरलेली वीस घरं दुपटीने विकली. सवलतीचं नावही काढलं नाही.

घाणेवाल्याच्या वाट्याला एक घर उरलं. नवरा-बायको त्यातच राहायला गेले आणि उतारवयात तो दुसऱ्याच्या घाण्यावर रोजाने जाऊ लागला.

तात्पर्य : ज्या घरात आपण स्वतः राहणार नाही, ते राहण्याजोगं आहे का हे आधी विचारावं, नाहीतर स्वस्तातलं घरच सर्वांत महाग पडतं.