जावयाला उलटी होता कामा नये

सावरटेक नावाच्या गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा आई म्हणाली, "गुणा, दूध उतू गेलं की मला हाक मार." गुणाजी चुलीपाशी बसला. दूध वर आलं. तो बघत राहिला. दूध उतू गेलं, चूल विझली, तेव्हा त्यानं हाक मारली. सांगितलेलं तंतोतंत पाळायचं, हा त्याचा गुण. एवढ्या एका गुणावर आपल्याकडे माणसं मोठमोठ्या हुद्द्यांवर जाऊन बसतात. गुणाजी मात्र शेतात पाखरं हाकायचा.

त्याला एकच खोड होती. हलत्या वस्तूत बसला की त्याला उलटी व्हायची. बस, जीप, बैलगाडी, झोपाळा, काहीही चालायचं. एकदा तर शेजारच्या बाळाचा पाळणा हलताना नुसता बघून त्याला मळमळलं. बाळ मजेत होतं. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत त्यानं जीपमध्ये सासूबाईंच्या नव्याकोऱ्या शालूवर उलटी केली. तेव्हापासून सासरच्या गावात त्याला नावानं कुणी ओळखत नसे. 'शालूवाला जावई' म्हटलं की पुरे.

अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अशी रीत. गुणाजीची बायको शेवंता आधीच माहेरी गेली होती. तिचा फोन आला.

"अहो, या वेळी धोंडे खाऊन झाले की आमचा जालिंदर सगळ्यांना मौजनगरीत नेणार आहे. मोठाले पाळणे आहेत तिथं."

"हलतात का?"

"पाळणे हलणार नाहीत तर काय भजन करतील? नीट ऐका. वरातीपासून मला इथं मान वर करता येत नाही. दिवसभरात एक जरी उलटी केलीत ना, तर मी परत यायची नाही. इथंच राहीन. सांगून ठेवते."

गुणाजीचा बायकोवर फार जीव. ती गेल्यापासून त्याला भाकरी गोड लागत नव्हती. तो पळत डॉक्टरांकडे गेला.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "गाडी सुटायच्या अर्धा तास आधी ही गोळी घ्यायची."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटी आली. गुणाजीनं गोळी गिळली आणि तो एसटीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"चढायचंय का?" कंडक्टरनं विचारलं.

"चढायचंय की."

"मग चढ."

"आत्ता नाही. अर्ध्या तासानं."

"मग बाजूला हो!"

"बाजूला झालो तर गाडी सुटेल. आणि सुटायच्या आधी अर्धा तास जायला पाहिजे. गोळी आत्ताच घेतलीय."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. एका म्हाताऱ्यानं काठी उगारली. एक बाई म्हणाली, जाऊ द्या, डोक्यावर परिणाम दिसतोय. शेवटी दोघांनी हात धरले, दोघांनी पाय धरले, आणि गुणाजीला पोत्यासारखं आत टाकलं.

कंडक्टर घाम पुसत ओरडला, "मळमळत असेल तर डोळे मिटून गप बसायचं! काही हलताना दिसलं की डोळे मिटायचे. थांबलं की उघडायचे. कळलं?"

"असं होय!" गुणाजी म्हणाला. "आता तसंच करीन."

त्यानं डोळे मिटले. गोळीनं झोप लागली. सासर आलं तेव्हा उलटी झालेली नव्हती.

सकाळी सासूबाईंनी पाट मांडला. गुणाजी नवी टोपी घालून बसला. सासूबाईंनी तबक उचललं आणि ओवाळायला सुरुवात केली. निरांजन डावीकडून उजवीकडे गेलं, खाली आलं, परत वर गेलं.

हे हलतंय, गुणाजीच्या मनात आलं. त्यानं डोळे गच्च मिटले.

"जावईबापू, तोंड गोड करा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी अनारसा पुढे केला. "आ करा."

गुणाजीनं आ केला. तोंडात काहीतरी आलं. तो चावला. अनारसा जरा चिवटच लागला. कारण त्यात सासूबाईंचं बोट होतं.

सासूबाई किंचाळल्या. तबक पडलं. निरांजन घरंगळत जाऊन आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नव्या धोतराला भिडलं. आप्पा उड्या मारू लागले. "अहो, सोडा! बोट सोडा!" शेवंता ओरडत होती. गुणाजी सोडीना. आ करायला पुन्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

धोतर विझलं, बोटाला चिंधी बांधून झाली. आप्पा दात-ओठ खात, पण मान राखून म्हणाले, "जावईबापू, डोळे कशाला मिटायचे? मळमळलं की लांबवर न हलणारं काहीतरी हेरायचं आणि त्याच्यावर नजर ठोकून बसायचं. काही झालं तरी नजर हलवायची नाही."

"असं होय! आता तसंच करीन."

मग पंगत बसली. जावयाला नको म्हणता येत नाही आणि सासूला थांबता येत नाही. गुणाजीच्या पोटात धोंड्यांवर धोंडे रचले गेले आणि त्यांच्यावर कटाची आमटी ओतली गेली. मेहुण्यानं, म्हणजे जालिंदरनं, जीप काढली. गुणाजी वाटभर एका डोंगराकडे बघत राहिला. डोंगर बिचारा होता तिथंच होता. सगळं सुरळीत झालं.

मौजनगरीच्या दारात एक लांबलचक पाटी होती. घरचं खाणं आणू नये. घरचं पाणी आणू नये. हिरवळीवर बसू नये. काही झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. तिकीट काढू नये एवढंच लिहायचं राहिलं होतं. सगळे आत गेले. आत जिकडे बघावं तिकडे माणसं फिरत होती, उलटी होत होती, वर जात होती, किंचाळत खाली येत होती, आणि याला मौज म्हणत होती. गुणाजीच्या पोटात ढवळलं. डोंगर भिंतीमागे गेला होता. त्यानं न हलणारं काहीतरी शोधायला सुरुवात केली.

पलीकडे बाकावर हिरव्या साडीतली एक भक्कम बाई बसली होती. तिला डुलकी लागली होती. ती तसूभर हलत नव्हती. गुणाजीनं तिच्यावर नजर ठोकली.

थोड्या वेळानं एक मिशीवाला माणूस पुढ्यात आला.

"काय बघतोस रे?"

"जरा बाजूला व्हा. त्या बाईंकडे बघतोय."

"ती माझी बायको आहे!"

"फार चांगल्या आहेत. अजिबात हलत नाहीत. डोंगरासारख्या."

मिशी थरथरली. आवाजानं बाई जागी झाली आणि उठू लागली. गुणाजी घाबरून ओरडला, "बाई, उठू नका! मला उलटी होईल!"

"मला बघून उलटी होते म्हणतो!" बाई कडाडली. पहिली थप्पड मिशीवाल्यानं दिली. दुसरी, जास्त चांगली, बाईंनी दिली.

जालिंदरनं पाया पडून सोडवणूक केली. "दाजी, लाज काढलीत तुम्ही. असं कुणाच्या बायकोकडे बघतात का? हे घ्या आलं. तुकडा तोंडात धरायचा आणि तोंड बंद. कुणी काही विचारलं तरी उघडायचं नाही."

"असं होय! आता तसंच करीन," गुणाजी म्हणाला आणि त्यानं तोंड बंद केलं.

पुढे जहाजाची रांग होती. भलंथोरलं जहाज दोन खांबांच्या मध्ये टांगलेलं होतं. रांगेत शेवंता त्याच्या शेजारी आली. त्याच्या गालावर पाचही बोटं उठली होती. तिला भरून आलं.

"फार लागलं का हो?"

गुणाजी गप्प.

"माझ्यापायीच हे सगळं. तुम्हाला सोसत नाही तरी आलात. मी फोनवर जरा जास्तच बोलले. ती अट-बिट जाऊ द्या. आज रात्रीच येते मी तुमच्याबरोबर. येऊ ना?"

गुणाजीच्या मनात ढोल वाजले. पण तोंडात आलं होतं.

"मी काहीतरी विचारतेय."

गुणाजीनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"म्हणजे मी यायला नकोय तुम्हाला?" शेवंताचा आवाज चढला. "एवढं मन मोठं करून विचारतेय, आणि हे खांबासारखे उभे! मग ऐका. अट ती अट. केलीत उलटी की मी राहिले इथं. आणि माणसानं विचारलं ना, की जे वाटतं ते खरं खरं आणि मोठ्यानं सांगावं. काडीचंही लपवू नये!"

ती तरातरा पुढे गेली. गुणाजीनं घाईघाईनं आलं गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. "असं होय!" तो तिच्या पाठीला म्हणाला. "आता तसंच करीन."

जहाजात सगळे चढले. आप्पा, जालिंदर, शेवंता आणि गुणाजी एका बाकावर. मिशीवाला आणि त्याची बायको समोर. सासूबाई तेवढ्या खाली राहिल्या. त्यांचं बोट ठणकत होतं, आणि चपला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

जहाज हललं. पुढे गेलं, मागे आलं. आणखी वर गेलं. खालून जहाजवाल्यानं भोंग्यातून विचारलं, "काय मंडळी, कसं वाटतंय?"

"मस्त!" सगळे ओरडले.

गुणाजीला विचारलं होतं. खरं खरं आणि मोठ्यानं सांगायचं होतं. आणि त्याचा आवाज तर तीन शेतांपलीकडची पाखरं उडवणारा.

"मला बरं वाटत नाही!" त्यानं सुरुवात केली. "पोटात पुरण ढवळतंय! आत्ता ते छातीपाशी आलं! त्याच्या मागून आमटी येतेय! आमटीवर तेलाचा तवंग आहे, तो पुढे आलाय! आता सगळं घशाशी आलं! कोमट आहे! आंबट लागतंय! परत खाली गेलं! पुरण आता पुरणासारखं राहिलेलं नाही, पातळ झालंय! पुन्हा वर आलं! आता त्यात सकाळचा अनारसा दिसायला..."

हसणं थांबलं. समोरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मिशीवाला पांढराफटक पडला.

"गप्प बसा दाजी!" जालिंदर कण्हला.

"काडीचंही लपवायचं नाही!" गुणाजी ओरडला, आणि त्यानं आल्याच्या तुकड्याचं काय झालं ते सांगायला घेतलं.

पहिला मिशीवाला गेला. मग त्याची बायको. मग जालिंदर, मग आप्पा, मग मागचा अख्खा बाक, मग त्याच्या मागचा. शेवंतानं खूप धीर धरला. पण जहाज वर गेलं, गुणाजी म्हणाला "खसखस," आणि तीही गेली. जहाज थांबलं तेव्हा त्यात एकच माणूस कोरडा होता. बोलण्याच्या नादात गुणाजीला उलटी करायला सवडच झाली नव्हती.

प्रथमोपचाराच्या खोलीत सगळ्यांना ओळीनं आडवं केलं. व्यवस्थापन जबाबदार नव्हतं, त्यामुळे फिरकलंही नाही. एक नर्सबाई तेवढ्या बादली घेऊन धावत होत्या. शेवंतानं अर्धवट डोळे उघडले. गुणाजीची पांढरीशुभ्र टोपी बघून ती क्षीण हसली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही जिंकलात. आता मला घरी घेऊन चला."

गुणाजीला आकाश ठेंगणं झालं. एवढ्यात नर्सबाई खेकसल्या, "खोलीत गर्दी नको! ज्यांना उलटी झाली त्यांनी आज प्रवास करायचा नाही, इथंच पडून राहायचं. ज्यांना नाही झाली त्यांना घेऊन निघा बघू!"

"असं होय!" गुणाजी म्हणाला. "आता तसंच करतो."

त्यानं आप्पांकडे बघितलं. जालिंदरकडे बघितलं. शेवंताकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग उसासा सोडून तो बाहेर आला. सासूबाई चपलांच्या ढिगापाशी बसल्या होत्या.

"सासूबाई, तुम्हाला उलटी झाली का?"

"मला कशाला होतेय? मी तर जमिनीवर."

"मग चला. घरी जायचंय."

"आणि बाकीचे?"

"त्यांना नर्सबाईंनी मनाई केलीय."

घरून कोरडे कपडे आणायचे असतील, असं सासूबाईंना वाटलं. जावई पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागतोय, असंही वाटलं. एसटीत जागा मिळाली ती अगदी मागची. गाडीनं नांगरलेल्या रानासारखा रस्ता धरला. आपलं गाव मागे राहिलं तेव्हा सासूबाईंनी विचारायला तोंड उघडलं, पण खड्डा आला आणि त्यांनी ते मिटून घेतलं. पुढे त्यांची उघडायची छातीच झाली नाही. गुणाजी जिंकल्याच्या ऐटीत बसला होता. त्याला मळमळलंही नाही.

सावरटेकला दिवे लागले होते. आई सुनेवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं मुलाकडे बघितलं. मुलाच्या मागे बघितलं. भाकरतुकडा हातातच राहिला.

"अरे, या तर विहीणबाई! तू बायको आणायला गेला होतास ना?"

"तिला उलटी झाली, आई. सगळ्यांनाच झाली. तिकडं धड अशा ह्या एकट्याच होत्या, म्हणून ह्यांना आणलं."

सासूबाईंना खूप काही बोलायचं होतं. त्या उंबऱ्यापाशी आल्या. त्यांनी चौकट धरली, चिंधी बांधलेलं बोट जावयावर रोखलं, तोंड उघडलं, आणि भडाभडा उंबऱ्यावरच ओकल्या.

आई पाण्याचा तांब्या आणायला आत धावली. गुणाजी सासूबाईंकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"राहू दे गं आई, पाणी," तो म्हणाला. "आता ह्यांनाही परत पोचवायला लागणार."