ढोलीसमोरची वानरं

डोंगरात एकच झरा उरला होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जो कळप आधी अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत कवठ टाकेल त्याचा झरा, असं वानरांचं आणि अस्वलांचं ठरलं.

चपळ वानरांनी कवठ लगेच ढोलीसमोर आणलं. पण नेम चुकला तर बोल आपल्याला लागेल, म्हणून "तू टाक, तू टाक" करत ती ते एकमेकांकडेच फेकत राहिली.

पोटाशी तान्हं धरलेली भिंगरी वानरी भडकली. "माझं पोर पाण्यावाचून तडफडतंय आणि तुम्ही अब्रू सांभाळताय?"

तिनं कवठ हिसकावून फेकलं. ते खोडावर आपटलं. वानरांचा म्होरक्या हसला.

"हसतोस काय? आण इकडे!"

दुसऱ्या फेकीला कवठ थेट ढोलीत गेलं.

"जिंकलो आपण!" म्होरक्या ओरडला.

"आपण?" भिंगरी म्हणाली, आणि पिल्लाला घेऊन झऱ्याकडे निघून गेली.