भाऊसाहेबांचा काळा रंग

वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड बघता बघता गंजतं. इंदुमती सामंतांनी दिवंगत पतीची जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली आणि सांगाडा घासून घेतला, तोच जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब तिरोडकर स्वतःच्या मोटारीतून काळ्या रंगाचा डबा घेऊन हजर झाले.

"वहिनी, रंगाखाली गंज रोखणारं अस्तर-बिस्तर काही नको. माझ्या मोटारीला हाच लावलाय, थेट लोखंडावर. माझं ऐकणार नसाल, तर मंडळाच्या मिरवणुकीत गाडी घेणार नाही."

त्या मिरवणुकीसाठीच तर इंदुमतींचा सारा खटाटोप होता. त्या वाद घालत बसल्या नाहीत. डब्याच्या झाकणावर रंगाचे ओघळ वाळून चकाकत होते. त्यांनी एका ओघळाखाली नख घातलं. पापुद्रा अलगद निघाला. खाली तांबडा गंज.

"भाऊसाहेब, ह्या रंगाला स्वतःचा डबा राखता आला नाही. माझी मोटार कशी राखणार?"

भाऊसाहेबांनी झाकण निरखलं, घसा खाकरला.

"अस्तराचे दोन हात द्या. मिरवणुकीत पुढं राहा."

फाटकाबाहेर गेल्यावर मात्र ते मोटारीत बसले नाहीत. इस्त्रीच्या पॅंटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसून स्वतःच्या मोटारीच्या पोटाचा रंग नखानं खरवडून बघू लागले.