विझलेली काडी

"छिद्रं मोजून झाली, पडदा दुप्पट गॅस सोडतोय, मग सहीला अडलंय काय, मॅडम?"

प्रणिल उखळकरने प्रबंध टेबलावर ठेवला. जमा करायला आठवडा उरला होता. सही झाली नाही तर तीन वर्षं पाण्यात, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी त्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं नळ्या जोडतोय. असले तोऱ्यातले बरेच पाहिलेत. हा खरंच हुशार होता, म्हणून जास्त राग यायचा.

गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन असतो आणि न जळणारा कार्बन डायऑक्साइडही. प्रणिलने प्लास्टिकच्या पातळ पडद्यात एक भुकटी मिसळली होती. तिच्या कणाकणाला बारीक छिद्रं. त्यांतून कार्बन डायऑक्साइड तेवढा पलीकडे जावा, मिथेन अलीकडेच राहावा, असा बेत.

त्याच्या मार्गदर्शक नाफडे मॅडमनी प्रबंध उघडलाच नाही. चल गोबरगॅसच्या संयंत्रापाशी, म्हणाल्या.

मागच्या अंगणात मी पडदा बसवला आणि वॉल्व्ह उघडला. पलीकडच्या नळीतून गॅस जोरात येऊ लागला. प्रणिलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नळीसुद्धा त्यानेच शोधलीय.

मॅडमनी काडी ओढली आणि नळीच्या तोंडाशी धरली.

नुसता कार्बन डायऑक्साइड आला असता तर काडी विझायला हवी होती. नळीच पेटली. निळी ज्योत, चांगली बोटभर.

मी वॉल्व्ह बंद केला.

"छिद्रं बरोबर आहेत," प्रणिल म्हणाला. "दहादा मोजलीत."

"बरोबरच आहेत. त्यांतून कुणी गेलंच नाही."

…

भुकटी कशी मिसळलीस, मॅडमनी विचारलं. कोरडीच, एका दमात, तो म्हणाला. आधी थोड्याशा पातळ प्लास्टिकमध्ये भिजवून घ्यायला दोन दिवस जातात, तेवढा धीर कुणाला होता? न भिजलेला कण पडद्याला धरत नाही, भोवती फट राहते. फट मिळाल्यावर गॅस कशाला छिद्र शोधत बसेल?

खोटं कशाला बोलू, मला प्रणिलची कीव आली.

"आठवडाच आहे, मॅडम…"

त्यांनी काडेपेटी त्याच्या हातात ठेवली. "पुरे आहे तुला. विझलेली काडी आण, सही करते."

तो काडेपेटीकडे बघत राहिला.

"काडी तर फुंकर मारूनही विझते, मॅडम."

"विझते ना," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर दुसऱ्या कुणाकडे दिली नाही."