मडक्यातला हात

पूर्वी सोमवती नगरीत पुष्कर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कासाराच्या घरी जन्माला आला होता. तो दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरी. त्याच नगरीत राजाच्या आमराईची राखण कुलिंग नावाचा माळी करीत असे.

राजाला आंबे जिवापलीकडे प्रिय. माकडे ते खातात म्हणून त्याने कुलिंगाला बजावले होते, "माकडांचे हात आणून दे, नाहीतर तुझा हात तुटेल." तेव्हा कुलिंगाने अरुंद तोंडाची मडकी जमिनीत पुरली आणि त्यांत हरभरे टाकले. माकड आत हात घाली, मूठ भरी, आणि भरली मूठ काही बाहेर येत नसे. मग कुलिंग मनगटावर कोयता मारी. हात आतच राही. मडके उकरून, त्याचे तोंड बंद करून तो ते तसेच वाड्यावर पाठवी. राजा मडकी मोजी आणि समाधान पावे. आतला हात दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

कुलिंगाची मुलगी बारा दिवसांची झाली, त्या सकाळी त्याच्या बायकोला बांगड्या भरून बोधिसत्त्व आमराईतून निघाला. पाहतो तो एका वानरीचा हात मडक्यात अडकलेला, पोटाशी पिलू आणि समोर कोयता उगारलेला कुलिंग.

"थांब, हा हात मी काढतो."

कुलिंग हसला. "कासारदादा, आता माकडिणीला चुडा भरता की काय? चावली तर एक बोट इथेच ठेवून जाल!"

बोधिसत्त्व खाली बसला. बावरलेल्या नवरीच्या हातावरून फिरवावा तसा त्याने वानरीच्या दंडावरून हात फिरवला. "सैल सोड गं बाई, सैल सोड." हळूहळू मूठ उघडली. मग दोन बोटे आत सरकवून त्याने तिच्या अंगठ्याचे मूळ तळव्याकडे दाबले, आणि बांगडीतून यावा तसा हात अलगद बाहेर आला.

कुलिंग बघतच राहिला. चपटी नखे. तळव्यावर रेषा. बोटांच्या टोकांवर बारीक वळणे. इतक्यात पिलाने हात लांबवला आणि कुलिंगाचे बोट घट्ट धरले. सकाळी पाळण्यात लेकीने धरले होते, अगदी तसेच.

कोयता गळून पडला. "दादा, हे... हे काय आहे?"

"हात आहे, बाबा. तीस वर्षं मी हातच धरतोय. केस सोडले तर माझ्या बोटांना यात परकं काही लागलं नाही."

"आणि मी किती तोडले!" कुलिंग म्हणाला. वानरी पिलाला घेऊन केव्हाच झाडावर गेली होती.

मडके घेऊन दोघे वाड्यावर गेले. ते रिकामे पाहून राजा कुलिंगावर गरजला, "मग तुझाच हात!"

बोधिसत्त्वाने आपला उजवा हात पुढे केला. "वानरीला मी सोडवलं, महाराज. हा घ्या."

"वेड्या, मग बांगड्या कशाने भरशील?"

"नाही भरणार. पण त्याआधी कालचं मडकं फोडून पाहा."

मडके फुटले. खापरांत एक लहानसा हात उताणा पडला होता. मुठीत अजून हरभरे होते.

राजा किंचाळला, "लेकरू! अरे, कोणाचं लेकरू मारलंत?"

कुलिंगाने तो हात पालथा केला. पाठीवर भुरे केस होते. तरीही राजाने तो आपल्या ओंजळीत घेतला. तो एवढेच म्हणाला, "आणि मी आंबे खात होतो."

त्याच दिवशी सगळी मडकी उकरून काढली गेली. आमराईतली नदीकाठची झाडे वानरांना दिली गेली, आणि तो हात स्वतः राजाने पुरला.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद. तो माळी म्हणजे आजचा भिक्षू सुमंगल. ती वानरी म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. आणि कासार मीच होतो. परक्या देहातले दुःख आपल्या हाताला कळणे, हीच करुणा."