अध्यक्षांचा कान

बांधाच्या दोन्ही बाजूंना म्हशी राहत, आणि गोचिडी दोन्हीकडच्यांना सारख्याच चावत. फरक एवढाच की तळे आमच्या बाजूला होते, म्हणून बगळेही आमच्याकडेच. एकेकीच्या पाठीवर दोन-दोन, गोचिडी टिपायला. पलीकडे चाळीस म्हशींत एक म्हातारा बगळा, तोही डोळ्यांनी अधू.

एके दिवशी पलीकडची मोरी नावाची म्हैस बांधापाशी आली. तिचे रेडकू तीन दिवस उठले नव्हते. अंगभर गोचिडी घेऊन ते बांधाच्या पायथ्याला टेकून पडले होते.

"दुपारपुरता एक बगळा धाडा की," ती म्हणाली. "लेकरू जातंय माझं."

आम्हाला वाईट वाटले. खरेच वाटले. म्हणून आम्ही ताबडतोब संयुक्त बैठक बोलावली.

आमच्यात रीत अशी की रवंथ संपल्याशिवाय ठराव मांडायचा नाही. बैठक बांधावरच भरली आणि स्नेहाची खूण म्हणून दोन्हीकडच्या म्हशी अंगाला अंग लावून बसल्या. आमचे रेडोबा अध्यक्ष. त्यांची जागा रेडकाच्या बरोबर वर आली. पाठीवर दोन बगळे असूनही त्यांचा रेडकाकडचा डावा कान सारखा फडफडत होता.

"पलीकडे अस्वच्छता फार," ते म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

पहिला दिवस मैत्री चघळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी प्रश्न निघाला, बगळा पाठवलाच तर तो कोणत्या बाजूचा मानायचा? मोरी नुसती बगळ्यांकडे बघत राहिली. तिच्या शेजारची म्हातारी तेवढी म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला, असं नका करू बायांनो." म्हण बैलांची होती, म्हणून आम्ही ती मनावर घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हालाही खाज सुटली. तेव्हा मात्र झटपट ठरले: बांध हातभर उंच करायचा.

मसुदा चालू असतानाच अध्यक्षांच्या पाठीवरचा एक बगळा खाली उतरला आणि रेडकाच्या कानातल्या टपोऱ्या गोचिडी टिपू लागला. त्याच्यामागून दुसराही गेला. या बेशिस्तीचा आम्ही निषेध नोंदवला.

दोन दिवसांनी रेडकू धडपडत उठले आणि मोरीच्या आचळाला लागले. त्याच दुपारी अध्यक्षांचा कान फडफडायचा थांबला. बांधाचे एक ढेकूळही अजून हलले नव्हते. पण ठरावाला गुण आला, असे म्हणत आम्ही समाधानाने तळ्यात उतरलो.