लिंबाजीचा तांब्या

आलगावात येणारा पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो, की रंगाचे हौद वर झऱ्याशी आणि रंगाऱ्यांची घरं मात्र खाली, सांडपाण्याच्या काठाला, हा काय उफराटा कारभार? उफराटाच आहे. पण तो आमच्या लिंबाजीने करून ठेवला, असं सांगतात.

लिंबाजी रंगारी मोठा कसबी. तेव्हा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून काढत. मुळ्या काळ्या रानात हव्या तेवढ्या, पण रंग पक्का बसायला पाण्यात तुरटी हवी, आणि तुरटीचं पाणी पंचक्रोशीत या एकाच झऱ्याला. म्हणून त्याने हौद थेट झऱ्याच्या तोंडाशी बांधले. लुगडी अशी रंगायची म्हणे, की फाटतील पण विटणार नाहीत. बंजाऱ्यांचे तांडे त्याच्या दारात बैल सोडू लागले. ओढा मात्र तांबडा झाला. खालच्या वाडीची माणसं गाऱ्हाणं घेऊन आली, तर लिंबाजी म्हणायचा, वाहत्या पाण्याला कसला आलाय विटाळ! माणूस वाईट नव्हता हो. पण धंद्याला बरकत आली की कानात बोळे बसतात.

त्याच वाडीत त्याची लेक तानी दिली होती. एका उन्हाळ्यात तिचं रांगतं पोर हगवणीने गेलं. ती रडत आली नाही. ओढ्याचं पाणी भरलेला तांब्या तिने बापापुढे ठेवला.

"आबा, माझं लेकरू हेच प्यायलं. घोटभर तुम्ही घ्या."

लिंबाजीला तांब्या उचलवेना. हौद हलवावेत, तर झरा कुठे हलतो? रंग सोडावा, तर अख्खी रंगारआळी उपाशी. शेवटी त्याने तांब्या उचलला, गटागटा रिकामा केला आणि म्हणाला, "हौद वर राहतील. मी खाली राहीन. वाडी जे पिईल, तेच माझं घर पिईल."

त्याच्यामागे सगळी रंगारआळी खाली उतरली. घर खाली आलं तशी अक्कलही आली. गाळ बसायला खड्डे खणले, त्यांत वाळू भरली. पण ओढा निवळेपर्यंत तो स्वतः आतून पोखरला गेला. त्याने डोळे मिटले त्या दिवशी पाणी नितळ झालं म्हणे. मला विचाराल तर ते खड्ड्यांचं काम. आणि तानीने बापाला माफ केलं नाही ते नाहीच, असंही सांगतात.

आजही नव्या हौदात पहिला रंग कालवण्याआधी मालकाने ओढ्याच्या खालच्या घाटावरचं तांब्याभर पाणी सगळ्यांदेखत प्यायचं, ही रीत आहे. परवा वरच्या माळावर कापडाची मोठी कंपनी आली. त्या झऱ्यासाठीच आली, नाहीतर इथे दुसरं काय आहे! साहेबांचा बंगला झऱ्याच्याही वर बांधताहेत. त्यांच्या नव्या हौदाच्या पूजेच्या दिवशी त्यांच्यापुढे मीच तांब्या धरला. साहेबांनी भक्तिभावाने पाणी डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं, हात जोडले आणि तांब्या भरलेलाच मला परत दिला.